आबांचं नाव कुठं लिहायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : माजी सैनिकांच्या अंत्यविधीसाठी व नावनोंदीसाठी राष्ट्रीय जागा मिळणेबाबत.

मी फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो. बंदूक चालवायला शिकवली होती, पण पोट भरलं ते टाइपरायटरवर. १९८१ला भरती झालो, २००५ला हवालदार म्हणून बाहेर पडलो. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात मला अजून 'क्लार्क तात्या' म्हणतात. आसपासच्या सात-आठ गावांतल्या पेन्शनवाल्यांची कामं माझ्या ओसरीवर चालतात. 'स्पर्श' या पेन्शनच्या वेबसाइटचा विसरलेला पासवर्ड, ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचं कार्ड, कॅन्टीन कार्ड, नवरा गेल्यावर बाईच्या नावावर करायची फॅमिली पेन्शन. चहा त्यांनी प्यायचा, साखर माझी. असो.

विषयाची ओळ सरकारी झाली, सवय जात नाही. पत्र मात्र लांबणार आहे, ते कापायचं की नाही हे तुमच्यावर.

आमच्या भावकीतले आबा नोव्हेंबरात गेले. वय सत्त्याहत्तर. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पहिल्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले होते. शेतात काम करून बोटांच्या रेषा घासल्या होत्या, त्यामुळे मशीन अंगठा घेईना. चार वेळा लावला, पुसून लावला, शेवटी डाव्या हाताचं बोट चाललं आणि आबा हयात आहेत हे सरकारला पटलं. त्यानंतर अठरा दिवसांनी पहाटे झोपेतच गेले.

आबा जंगी पलटणीचे, म्हणजे फर्स्ट मराठाचे. १९७१च्या डिसेंबरात, लढाईत, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. तिथला एक किस्सा त्यांनी मला किमान शंभर वेळा सांगितला असेल. आपल्या बाजूने शरण या म्हणून चिठ्ठी गेली, तर पलीकडच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ही गोळी सांगताना आबा दोन बोटांत काहीतरी धरल्यासारखं करायचे आणि ऐकणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचे. पोरं खरंच तळहाताकडे बघायची. त्यानंतर दोन दिवसांत जमालपूर पडलं. आबा सुखरूप परतले, पुढे पेन्शनवर आले आणि त्यांनी चाळीस वर्षं ज्वारी-कांदा केला.

त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी जे झालं त्यामुळे हे पत्र लिहितोय.

सकाळी मी एका कार्यालयात फोन केला. माजी सैनिक वारले आहेत, कुणी पुष्पचक्र घेऊन येईल का, एवढंच विचारलं. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, शौर्यपदक आहे का? नाही. सेवेत असताना गेले का? नाही. मग बघतो म्हणाले. कुणी आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच दोन प्रश्न विचारले असते.

इकडे तालमीतली पोरं शाळेत गेली आणि कपाटातला तिरंगा घेऊन आली. तिरडी अंगणात होती. पोरांनी झेंडा आबांवर पांघरला. गर्दीत एकदम शांतता झाली, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. आणि मला ध्वजसंहिता पाठ! राजकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यविधीतच ध्वज तिरडीवर घालता येतो, केशरी पट्टा डोक्याकडे, आणि तो चितेबरोबर जाळायचा नाही. इथे केशरी पट्टा पायाकडे होता आणि लष्करी अंत्यविधी तर नव्हताच. पोलीसपाटील माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो आणि काकींच्या देखत आबांवरचा झेंडा काढला. घडी घातली. पोरं माझ्याकडे अशी बघत होती की काही विचारू नका.

मग मी घरात जाऊन आबांची हिरवी टोपी आणली, लाल-हिरव्या तुऱ्याची. तुऱ्याला कसर लागली होती. ती छातीवर ठेवली आणि आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राख गोळा करताना काकी माझ्याजवळ येऊन बसल्या. झेंड्याचा विषय त्यांनी काढला नाही. म्हणाल्या, "तात्या, दिल्लीला भिंतीवर नावं लिवल्यात म्हनं. ह्यांचं कुठं लिवत्यात?"

मी म्हणालो, काकी, तिथं पडलेल्यांची नावं असतात.

"मंग ह्ये पडलं न्हाईत म्हनून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चोवीस वर्षं कागद सांभाळले, पण या रकान्यात काय भरायचं ते मला सुचलं नाही.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. इंडिया गेटजवळ चाळीस एकरांत एकात एक अशी चार चक्रं आहेत. त्यातल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटवर नावं आहेत, सुरुवातीलाच ती सव्वीस हजारांच्या घरात होती. स्वातंत्र्यानंतर जे लढताना गेले त्यांची. मी जाऊन आलोय. चांगलं केलंय, उशिरा केलं पण चांगलं केलं. त्यात बदल करा असं माझं म्हणणं नाही. लढताना गेलेला वेगळा आणि खाटेवर गेलेला वेगळा, हे मला कळतं. रेकॉर्डमध्येसुद्धा आम्ही बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी अशा वेगळ्या नोंदी करायचो. (आमच्या कागदात 'शहीद' हा शब्द नव्हता. तो फ्लेक्सवर असतो.) माझा प्रश्न आबांसारख्यांचा आहे. मरण नेमून दिलं होतं त्या जागी जाऊन उभे राहिले आणि नशिबाने परत आले, अशांची नोंद डिस्चार्ज बुकात संपते. आबांचं डिस्चार्ज बुक बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होतं, त्यांच्या पदकांसोबत. डब्यात नंतर शिवणकामाचं सामानही आलं होतं.

निवृत्तीनंतर सहा वर्षं मी खडकीला एका कंपनीत सिक्युरिटीत होतो. आमच्यातल्या बहुतेकांचं तेच होतं, देशाच्या गेटवरून कंपनीच्या गेटवर. सुटीच्या दिवशी मुळा रस्त्यावरच्या युद्धस्मशानात जाऊन बसायचो, कारण तिथे फुकट सावली होती. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ज्यांच्या कबरींची कायम निगा राखता येणार नव्हती, त्या उचलून एका ठिकाणी आणल्या. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, वय. काही ठिकाणी खाली घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ. एक माळी दगडाच्या कडेचं गवत कात्रीने कापत होता, आपण मिशी कापतो तसं. मी विचारलं, यातले सगळे लढाईत गेले का? तो म्हणाला, "काय की! आपल्याला सगळे सारखे. तापानं गेलेला असला तरी गवत तेवढंच वाढतं."

ज्यांचं राज्य गेलं त्यांच्या माणसांच्या कडेचं गवत आपल्याकडे अजून कात्रीने कापलं जातं. याचा मला राग नाही, उलट हेवा वाटतो.

तरी इंग्रजांचा हिशेबही सरळ नव्हता. कुणात फरक करायचा नाही, सगळ्यांचा दगड सारखा, हे त्यांच्या युद्धकबर आयोगाचं तत्त्व १९१७ पासूनचं. पण इराकमधल्या बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचे नुसते आकडे. नाव आलं ते फक्त अधिकाऱ्यांचं. मेसोपोटेमियात म्हणजे त्याच इराकात, कूतच्या वेढ्यात, तीन-तीन मराठा पलटणी होत्या. जंगी पलटण त्यातलीच एक, तेव्हा ती १०३ नंबरची होती. म्हणजे आबांच्या पलटणीचे आजे-पणजे तिथे आकड्यात आहेत. २०२१ साली आयोगाने स्वतःच चौकशी करून हे कबूल केलं : किमान १ लाख १६ हजार जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंदच झाली नाही, आणि त्यात बहुतेक पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तचे. ब्रिटिश सरकारने माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना. आता नावं शोधतायत. क्लार्क म्हणून सांगतो, एकदा वेळेवर न लिहिलेलं नाव नंतर शोधणं म्हणजे पडलेल्या विहिरीतून घागर काढणं आहे.

आमच्याच गावात मारुतीच्या देवळामागे दोन वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. कोण कुणाशी लढला, गाई वाचवताना पडला की गाव वाचवताना, काही माहीत नाही, कारण नाव नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नसतंच. एकाला शेंदूर लागून त्याचा देव झाला. दुसरा ओढ्याकाठी आडवा होता, माझ्या लहानपणी आई त्याच्यावर गोधड्या धुवायची. अप्सरांची नाकं घासून गेली आहेत. त्यांच्यावर माझ्याही चड्ड्या आपटल्या असतील.

आणि दुसरीकडे पुणे जिल्ह्यातला कोरेगाव भीमाचा स्तंभ बघा. १ जानेवारी १८१८ची लढाई. स्तंभ इंग्रजांनी उभारला, पण त्यावर पडलेल्यांची नावं कोरली, त्यात शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार शिपायांची, बावीस नावं. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले. आज १ जानेवारीला लाखो माणसं जातात. त्या लढाईचा अर्थ कुणी कसा लावतो त्यात मी पडत नाही. शंभरावर वर्षं गेल्यावरही आपल्या माणसाच्या नावावर बोट ठेवता आलं ते नाव दगडावर होतं म्हणून, एवढंच मला दिसतं.

तर माझी मागणी. अमेरिकेत माजी सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमी आहेत. आर्लिंग्टनचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, १८६४ पासूनची ती, चार लाखांवर माणसं तिथे आहेत. पण तेवढीच नाही, देशभर दीडशेच्या वर आहेत आणि अजून नव्या काढतात. शक्यतो प्रत्येक माजी सैनिकाला घरापासून ७५ मैलांच्या आत जागा मिळावी असा त्यांचा हिशेब आहे. लढताना गेला पाहिजे अशी अट नाही. इमानाने नोकरी करून घरी गेलेल्यालाही जागा आणि सरकारी खर्चाने दगड. माझा भाचा तिकडे असतो, त्याने व्हिडिओ कॉलवर आर्लिंग्टन दाखवलं. दगडाच्या पुढच्या बाजूला शिपायाचं नाव, मागच्या बाजूला बायकोचं. ते मागचं नाव बघून आमची मंडळी म्हणाली, "बघा, तिकडं बायकांची पण सर्व्हिस धरतात."

आपल्याकडे दहन, मग दफनभूमी कशाला, असं कुणी म्हणेल. खरंय, आबांना पुरायचं नव्हतंच. पण दहन झालेल्यांसाठी जागा कशी करायची हे काही नवं कोडं नाही. आर्लिंग्टनला १९८० पासून अस्थी ठेवायला कोनाड्यांच्या भिंती आहेत. आणि आपल्याच माणसांसाठी विलायतेत ब्रायटनजवळच्या टेकडीवर स्मारकाची छत्री आहे. पहिल्या महायुद्धात तिथल्या दवाखान्यात वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना त्या टेकडीवर अग्नी दिला, राख समुद्रात सोडली आणि त्याच जागी १९२१ साली संगमरवरी छत्री बांधली. नावं मात्र २०१० साली लागली, शेजारी वेगळ्या दगडावर. इटलीत सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात पाचशेहून जास्त भारतीय शिपायांचं दहनस्मारक आहे. परमुलखात जे जमलं ते खटाव-माणच्या माळावर का जमू नये?

आणि खरी गोष्ट सांगतो, मला ही जागा हवी आहे त्याचं मोठं कारण दगड नाही.

पलटणीत आम्ही एका लंगरात जेवलो. ताटं एका हौदावर धुतली. मंदिर परेडला सगळे, ईदला सगळे. पेन्शनवर गावी आलो आणि मेल्यावर प्रत्येकजण आपापल्या स्मशानात. आमच्याकडे ओढ्याच्या अलीकडचं स्मशान वेगळं, पलीकडचं वेगळं, हे कुणी बोलून दाखवत नाही पण सगळ्यांना माहीत असतं. माझे शेजारगावचे मित्र महार रेजिमेंटचे सुभेदार. पावसाळ्यात गेले. त्यांच्या बाजूच्या स्मशानाला शेडच नाही, रस्ता चिखलाचा. पाऊस थांबेपर्यंत दोन तास ताडपत्री धरून उभे होतो, आणि अलीकडचं पत्र्याचं शेड समोर रिकामं दिसत होतं. तिथे न्या म्हणायची माझी छाती झाली नाही. सुभेदारसाहेबांनी कधीकाळी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला होता, त्याच शेडसाठी. सांगली जिल्ह्यातला आमचा एक मुसलमान हवालदार, माझा बंकरचा सोबती, गावच्या कब्रस्तानात आहे. कच्ची कबर, दोन पावसाळ्यांत जमीन सपाट. त्याचा मुलगा मला अंदाजे हात दाखवून म्हणाला, "इथंच कुठंतरी."

म्हणून जागा अशी हवी जिथे अग्नीलाही चौथरा आहे आणि मातीलाही कोपरा आहे, आणि दोन्हीच्या मध्ये कुंपण नाही. सुभेदार आणि शिपायाचा दगड एकाच मापाचा. कर्नल आला तर त्यालाही तोच. नंबर, हुद्दा, नाव, गाव, भरतीची आणि पेन्शनची तारीख, मागे बायकोचं नाव. घरच्यांना गावातच विधी करायचा असेल तर खुशाल करावा, मूठभर राख आणून कोनाड्यात ठेवावी. राख द्यायची नसेल तर नुसतं नाव लावावं.

जागा किती लागेल म्हणाल तर मी हिशेब केलाय. शंभर फूट लांब, सहा फूट उंच भिंत. फूटभर चौकोनाचा एक कोनाडा धरला तर एका अंगाला सहाशे, दोन्ही अंगांना बाराशे. अशा दहा भिंतींना दोन एकरही पुरे होतील, मध्ये झाडं लावून. पहिली जागा सातारा जिल्ह्यात व्हावी असं मला वाटणारच. ज्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, पहिल्या महायुद्धात एका गावातले ४६ जण गेले आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं, तिथे नाही करायची तर कुठे? पण कोल्हापूरला केली तरी माझी तक्रार नाही. दिल्लीला मात्र नको. काकींना दिल्ली म्हणजे तिकीट, पोराची सुटी आणि गुडघे.

एसटी स्टँडवरच्या आमच्या कट्ट्यावर हा विषय काढला तर एक जण उखडलेच. जिवंतपणी बीपीच्या गोळ्या वेळेवर मिळेनात, आणि मेल्यावर दगड काय चाटायचाय? त्यांचं चूक नाही. गोळ्यांसाठी मी स्वतः वर्षाला दहा अर्ज लिहितो. पण एका रजिस्टरची नोंद राहिली म्हणून दुसरं उघडायचंच नाही, असं कुठल्या कचेरीत चालतं? दुसरे म्हणाले, उद्घाटनाला पुढारी येतील, रीळ काढतील, नंतर गवत वाढेल. ही भीती मलाही आहे. म्हणून माझ्या मागणीत पुतळा नाही, तोफ नाही, कारंजं तर अजिबात नाही. एक माळी कायमचा, पगारी, त्याला एक कात्री आणि पाण्याचा नळ. आणि एक रजिस्टर, ज्यात शोधणाऱ्याला पाच मिनिटांत कोनाड्याचा नंबर मिळेल. रजिस्टर लिहायला माणूस नसेल तर मी बिनपगारी येतो, अक्षर अजून चांगलं आहे.

दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, १४ जानेवारीला माजी सैनिक दिन होतो, शाल-नारळ होतो. त्या दिवशी भाषणात आमचा उल्लेख 'आपले वीर जवान' असा होतो. सत्तरीच्या माणसाला जवान म्हटलं की बरं वाटतं, नाही असं नाही. यंदाच्या १४ जानेवारीला भाषण थोडं आखडतं घेऊन या जागेबद्दल कुणी दोन वाक्यं बोलेल का?

मी माझ्यापुरतं काम सुरू केलंय. दोनशे पानी वही घेतली आणि आमच्या भागातल्या गेलेल्या माजी सैनिकांची नावं लिहायला लागलो. आतापर्यंत त्रेसष्ट झाली. एकोणीस जणांचा नंबर सापडत नाही, घरच्यांनी कागद पोटमाळ्यावर टाकले आणि वाळवीने खाल्ले. एका घरात नातसून म्हणाली, आजोबा मिलिटरीत होते हेच आम्हाला माहीत नव्हतं, आम्हाला वाटलं ते मुंबईला होते. पहिल्या पानावर पहिल्या ओळीत आबा आहेत. शालेय शाईने लिहिलं नाही, बॉलपेनने लिहिलं, पाणी पडलं तरी पुसायला नको म्हणून.

आबांच्या अस्थी संगम माहुलीला सोडल्या. सगळ्या नाही. काकींनी मूठभर मागे ठेवल्या आणि कुणाला सांगितलं नाही. नंतर मला सांगितलं. घरात ठेवू नये म्हणून भावकीतले ओरडतील, तेव्हा गाडग्यात घालून, तोंडाला फडकं बांधून, बांधावरच्या आंब्याला टांगल्यात. "जागा झाली की सांग," म्हणाल्या. मी त्यांना मे महिन्यापर्यंत थांबायला सांगितलंय. त्यानंतर पाऊस सुरू होतो आणि गाडगं कच्चं आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार क्लार्क
ता. खटाव, जि. सातारा